जस्तलेपित नळ, घरगुती : दुरुस्ती व बदल

पोलादी नळावर आतून-बाहेरून वितळलेल्या जस्ताचा मुलामा देऊन तयार केलेली, घरातील पाणीपुरवठ्याची वाहिनी. व्यवहारात तिला जीआय (गॅल्व्हनाइज्ड आयर्न) पाइप म्हणतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस सीपीव्हीसी (क्लोरीनयुक्त पीव्हीसी प्लॅस्टिक) नळ भारतात रुळेपर्यंत शहरी इमारतींत हेच नळ सर्रास वापरले जात. त्यामुळे दुरुस्तीला निघणारे जुने नळकाम बहुधा याच प्रकारचे असते.

लोखंडावर जस्त चढविण्याच्या कृतीचे श्रेय कोणाला द्यावे, याविषयी एकमत नाही. मालुएँ या फ्रेंच रसायनज्ञाने १७४२ च्या सुमारास फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ही कृती मांडली. सोरेल याने १८३७ मध्ये फ्रान्समध्ये, तर क्रॉफर्ड याने त्याच वर्षी इंग्लंडमध्ये तिचे एकस्व (पेटंट) घेतले. इंग्लंडमधील रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयाच्या संग्रहातील, सतराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या भारतीय चिलखतावर जस्ताचा थर आढळला असून काही अभ्यासक त्याला सर्वांत जुना ज्ञात पुरावा मानतात. राजस्थानातील झावर येथे मध्ययुगातच जस्ताचे ऊर्ध्वपातन (वाफ करून ती थंड करून जस्त मिळविणे) होत असल्याने हे असंभवनीय नाही. मात्र चिलखतावरील थराचा नळांशी संबंध जोडणे अवघड असून, नळांपुरता १८३७ हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

आयएस १२३९ या भारतीय मानकानुसार नळाचे हलका, मध्यम व जड असे तीन वर्ग असून ते अनुक्रमे पिवळ्या, निळ्या व लाल पट्ट्याने ओळखतात. अर्ध्या इंची मध्यम नळाचा बाह्य व्यास सुमारे २१.३ मिमी. व भिंतीची जाडी २.६ मिमी. असते. त्यावर इंचाला १४ या प्रमाणात पाडलेल्या आट्यांची (जोडासाठी कोरलेल्या पेचांची) खोली १.१६ मिमी. भरते. म्हणजे आट्यांच्या तळाशी जेमतेम १.४ मिमी. पोलाद उरते आणि तेथील मुलामाही कापला जातो. जुना नळ बहुधा मधोमध न फुटता एल्बो (काटकोनी जोड) किंवा टी (तीन तोंडी जोड) यांच्या तोंडाशीच फुटतो, त्याचे कारण हेच. ठरावीक वेळीच पाणी सुटत असल्यास नळात आळीपाळीने पाणी व हवा येते आणि गंज वाढतो. गिझरच्या वाहिनीत पाणी सुमारे ६०° से. च्या वर गेल्यास काही प्रकारच्या पाण्यात जस्ताचे लोखंडाला असलेले संरक्षण उलटू शकते. गरम पाण्याचा नळ आधी जातो तो त्यामुळे.

एकाच तोटीला पाणी कमी येत असेल, तर प्रथम जाळी व अँगल कॉक साफ करावा. सर्वच तोट्या मंदावल्या असतील आणि सकाळचे पहिले पाणी तांबूस येत असेल, तर नळ आतून गंजला आहे असे समजावे. १६ मिमी. पोकळीत सर्व बाजूंनी ३ मिमी. गंज साचला, तर क्षेत्रफळ ४० टक्क्यांच्या खाली येते. अशा नळाला क्लँप किंवा एम-सील (इपॉक्सी लांबी) लावणे ही काही दिवसांची सोय होय. एका गळतीपाठोपाठ दुसरी निघाली की तुकडे न बदलता पूर्ण वाहिनी बदलणेच शहाणपणाचे.

बदलताना हमखास होणारी चूक मापाची. अर्ध्या इंची सीपीव्हीसी नळाची (एसडीआर ११ या जाडीच्या वर्गातील) आतील पोकळी सुमारे १२.४ मिमी., म्हणजे जुन्या नळाहून कमी असते. गच्चीवरील टाकीचे पाणी वरच्या मजल्यावर ३-४ मीटर उंचीच्या दाबानेच येते, तेथे मुख्य वाहिनी पाऊण इंची (पोकळी सुमारे १८ मिमी.) घ्यावी आणि केवळ तोटीपाशी अर्ध्या इंचावर यावे. नळ काटकोनात कापावा, कडा घासावी आणि चिकटद्रव्य न लावता जोडून पाहावा. तो सॉकेटमध्ये एक ते दोन तृतीयांश जाऊन अडकला पाहिजे. मग नळावर भरपूर व सॉकेटमध्ये पातळ थर देऊन पाव फेरा फिरवत आत ढकलावा व अर्धा मिनिट दाबून धरावा. तोंडाभोवती चिकटद्रव्याचे सलग कडे दिसले नाही, तर तो जोड कापून नवा करावा. सीपीव्हीसीवर आटे पाडू नयेत. धातूशी जोडण्यासाठी पितळी आट्यांचा अडॅप्टर व टेफ्लॉन टेप वापरावी. सुतळी-सफेदा (आट्यांवर सुतळी गुंडाळून लावायचा तेलमिश्रित लेप) वापरू नये, कारण त्यातील तेलाने प्लॅस्टिकला तडे जाऊ शकतात. ४०° से. तापमानवाढीने ३ मीटर नळ सुमारे ७ ते ८ मिमी. लांबतो, म्हणून नळ धरणारे क्लँप आवळून बसवू नयेत. भिंत बुजविण्याआधी कार्यदाबाच्या दीडपट दाबाने चाचणी घ्यावी. ती वगळून फरशी बसविणे हा सर्वांत महाग पडणारा आळस होय.

जुन्या इमारतींत विजेचे अर्थिंग कधीकधी पाण्याच्या लोखंडी नळालाच जोडलेले असते. प्लॅस्टिकचा तुकडा मध्ये येताच ते तुटते आणि गिझरच्या सदोष कॉइलमुळे तोटीला विजेचा धक्का बसू शकतो. नळ बदलण्याआधी वीजतंत्रीकडून स्वतंत्र अर्थिंग करून घेणे अत्यावश्यक आहे.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरील जलवाहिन्या, पंप, टाक्या व सामायिक वाहिन्यांतील गळती यांचा खर्च संस्था करते. सदनिकेच्या आतील दुरुस्ती सदस्याकडे येते. सांडपाण्याच्या बिडाच्या नळांची दुरुस्ती हा वेगळा विषय आहे.