दर्शनी वीटकामाची दुरुस्ती : सोलापुरातील मोठ्या इमारती

काँक्रीटच्या सांगाड्यावरचे, प्लास्टर न केलेले बाहेरचे वीटकाम फुगले, तडकले किंवा सुटू लागले की ते सांगाड्याला पुन्हा बांधणे, त्याला हालचालीसाठी जागा देणे आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट करून देणे, ही या दुरुस्तीची तीन मुख्य कामे. भेगा बुजवणे हे या तिन्हींनंतरचे शेवटचे काम. अनेक ठिकाणी मात्र तेवढेच केले जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत भेग जुन्या जागी पुन्हा उमटते.

असे वीटकाम तीन तऱ्हांचे असते : बीम-कॉलममध्ये भरलेली नऊ इंची उघडी भिंत, आतल्या भिंतीबाहेर रचलेला साडेचार इंची थर आणि वायरकट (तारेने कापून केलेल्या) विटेच्या टाइल. पहिल्या दोन्हींत बीमचे काँक्रीट दिसू नये म्हणून विटेच्या कापलेल्या चकत्या सिमेंटच्या स्लरीने (पातळ लगद्याने) त्यावर चिकटवतात. पडझडीची सुरुवात बहुधा या चकत्यांपासून होते.

कारणे : भट्टीतून निघालेली वीट हवेतली ओल शोषत वर्षानुवर्षे किंचित वाढत जाते आणि ही वाढ पुन्हा कमी होत नाही. काँक्रीट उलट आकसते, शिवाय भाराखाली आखूड होते. तीन मीटरच्या मजल्यात दोन्हींचा मिळून साधारण २ ते ४ मि.मी. फरक पडतो. बीमखाली तेवढी फट ठेवलेली नसेल तर भार विटांवर येतो, चकत्या उडतात आणि बाहेरचा थर पोट काढतो. सोलापुरात त्यात उन्हाची भर पडते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत पृष्ठभागाच्या तापमानाचा फरक ४५ अंश धरला, तर १० मीटर लांबीचे वीटकाम सुमारे अडीच मि.मी. लांबते. उभे सांधे नसलेल्या लांब भिंतींचे कोपरे म्हणूनच आधी तडकतात.

पाऊस इथे कमी, पण सप्टेंबरच्या जोरदार सरी पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) माथ्यावरून आणि पाणी भिंतीपासून दूर टपकवणारी पागोळी नसलेल्या खिडकीच्या उंबऱ्यावरून थेट विटांत मुरतात. बाहेरच्या थराला धरून ठेवणाऱ्या आतल्या लोखंडी पट्ट्या (बंध) व विटांचे थर पेलणारे अँगल गंजतात. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि वरच्या विटांचे थर उचलतो. बोअरचे खारे पाणी बांधकामाला वापरले असेल तर पांढरा लोणा दिसतो. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा. धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

तळमजल्यापासून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारी भेग वेगळी. ती मे महिन्यात रुंदावत आणि पावसाळ्यानंतर मिटत असेल, तर बहुधा पायाखालची काळी माती फुगते-आकसते आहे. तिथे आधी पाया आणि भोवतालच्या पाण्याचा निचरा पाहावा, वीटकामाला नंतर हात लावावा.

तपासणी : भिंतीखालचा रस्ता पत्र्याने अडवून, जाण्या-येण्याच्या वाटेवर मजबूत छत घालून मगच लटकता झुला किंवा परांची लावतात. लहान हातोडीने ठोकत पोकळ आवाजाचा भाग खडूने आखतात, ओळंबा सोडून फुगवटा मोजतात आणि संशयाच्या जागी तीन-चार विटा काढून आतले बंध पाहतात. ही उकल टाळून केलेला अंदाजपत्रकाचा आकडा बहुतेक वेळा खोटा ठरतो. साडेचार इंची थर २० मि.मी.पेक्षा जास्त बाहेर आला असेल, तर तो भाग उतरवून पुन्हा बांधणेच बरे.

दुरुस्ती : बंध आधी, फट नंतर. हा क्रम उलटला तर आधार तुटलेला थर कोसळू शकतो. स्टेनलेस स्टीलचे ६ ते ८ मि.मी. जाडीचे पिळाचे बंध आतल्या भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये बसवतात. उभे अंतर ४५० मि.मी., आडवे ९०० मि.मी., म्हणजे चौरस मीटरला साधारण अडीच. खिडक्यांच्या कडांना ते ३०० मि.मी.वर घेतात. काही बंध ओढून त्यांची पकड तपासल्याशिवाय पुढचे काम सुरू करू नये.

मग बीमखालची दरज (विटांच्या सांध्यातली मसाल्याची रेघ) १२ मि.मी. रुंद कापतात. बाहेरचा थर बीमसमोरून सलग वर गेलेला असेल, तर कापण्यापूर्वी त्याला स्टेनलेस अँगलचा आधार द्यावाच लागतो. गंजलेला अँगल बदलताना एका वेळी एक मीटरभर लांबीच उघडतात, मधले तुकडे तसेच ठेवतात आणि नवे काम पक्के झाल्यावर त्यांच्याकडे वळतात. अँगलवर पाणी अडवणारी पट्टी घालून ६०० मि.मी.वर उभ्या दरजा निचऱ्यासाठी रिकाम्या सोडतात. कापलेल्या फटीतली सगळी धूळ काढून तिच्यापेक्षा किंचित जाड फोमची दोरी दाबतात आणि वर ६ मि.मी. जाडीचे पॉलियुरेथेन सीलंट भरतात. सीलंट फक्त वरच्या आणि खालच्या कडेला चिकटले पाहिजे. मागेही चिकटले तर ताण येताच फाटते. या फटीत मसाला भरणे म्हणजे केलेले सारे काम वाया घालवणे.

दरजा भरताना जुना मसाला २० ते २५ मि.मी. खोल, शक्यतो छिन्नीने काढतात. ग्राइंडर घसरला की विटेची कड जाते. विटा ओल्या करून १:१:६ प्रमाणात सिमेंट, चुना व वाळूचा मसाला दोन-तीन थरांत दाबून भरावा. क्रश सँड (दगड चुरून केलेली वाळू) असेल तर तिची भुकटी धुऊन घ्यावी. १:३ चा कडक सिमेंटचा मसाला मजबूत म्हणून लोकप्रिय आहे, पण तो विटेपेक्षा कठीण होतो. मग दरजेऐवजी वीट फुटते आणि ओलही विटेतूनच बाहेर पडू पाहते. भरलेल्या दरजांवर सात दिवस ओले गोणपाट हवे. त्यामुळे हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. टाकीत पाण्याचा साठा आधी करावा, कारण शहरात नळाला रोज पाणी येत नाही.

पोकळ वाजणाऱ्या टाइल आणि चकत्या पुन्हा स्लरीने चिकटवू नयेत. पृष्ठभाग घासून पॉलिमरयुक्त चिकटाने आणि उंचावर स्टीलच्या क्लिपनेही बसवाव्यात. विटांवर ऑइलपेंट किंवा वार्निश लावू नये. त्याने ओल आत कोंडते. पाणी झटकणारे सिलेनचे लेपन चालते, पण ते फेब्रुवारीनंतर, भिंत पूर्ण सुकल्यावर आणि नव्या दरजांना किमान महिना झाल्यावरच मारावे.