कोरड्या मुलखात गाडी गंजते कशी?

पंपावर टाकी फुल करून परभणीकडे निघालो आणि पहिल्याच डाव्या वळणावर पेट्रोलचा भपका आला. घरी येऊन गाडीखाली जुना पेपर अंथरला. उजव्या मागच्या चाकापाशी थेंब पडत होते. गाडी वडिलांच्या हातची, पंचवीस वर्षांची. दोन दिवसांत टाकी अर्ध्यावर आली आणि गळती आपोआप थांबली. इथेच माणूस फसतो. थांबली म्हणजे बरी झाली असं वाटतं.

गॅरेजमधल्या चाचांनी गाडीखाली वाकायच्या आधीच विचारलं, "फुल टाकीला गळतंय, अर्धीला बंद. बरोबर ना सर?" झाकणापासून टाकीपर्यंत जो पत्र्याचा फिलर पाईप जातो, त्यात पेट्रोल चढतं ते टाकी काठोकाठ भरल्यावर. गाडी डावीकडे वळली की आतलं पेट्रोल उजवीकडे उसळतं, आणि आमच्या गाडीचं झाकण उजवीकडेच आहे. म्हणजे टाकी धडधाकट होती, भोक पाईपला होतं.

हा पाईप मागच्या चाकाच्या वरच्या कमानीतून जातो. चाचांनी तिथला चिखल स्क्रू ड्रायव्हरने उचकटला, तर खापरीसारखा अख्खा तुकडा हातात आला. वरून वाळून खडंग, आतून अजून ओलसर. पाऊस उघडून आठवडा झाला होता! त्या तुकड्याला आतल्या बाजूने पाईपच्या गंजाचे तांबडे पापुद्रे चिकटले होते.

कोकणात पडतो त्याच्या तिसरा हिस्साही पाऊस आपल्याकडे पडत नाही. मग गंज कुठून? उत्तर त्या खापरीत आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन आपली काळी माती बनली. तिच्यात माँटमोरिलोनाईट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याचे थर इतके पातळ, की पाणी त्यांच्या मधल्या फटींत शिरून बसतं. माती फुगते आणि ते पाणी लवकर सोडत नाही. कापूस ज्या ओलीवर तगतो, त्याच ओलीने पाईप खाल्ला.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे शाळेत शिकलेलं असतं. पण चिखलाखाली तर हवा कमी, मग तिथेच जास्त का खाल्लं जातं? १९२० च्या दशकात केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी मिठाच्या पाण्याच्या एका थेंबाने याचा उलगडा केला. घासून लख्ख केलेल्या पत्र्यावर असा थेंब ठेवला, तर कडेला जिथे ऑक्सिजन भरपूर मिळतो तिथला पत्रा शाबूत राहतो आणि मधला झिजतो. मधलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतं, ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेला जातात आणि तिथला ऑक्सिजन ते घेतो. थेंब म्हणजे एक चिमुकली बॅटरीच. चिखलाची खापरी हा तसाच, फक्त महिनोन्‌महिने न वाळणारा थेंब. मातीतले क्षार विरघळून ते पाणी वीज आणखी सहज वाहून नेतं. गंजाचा थरही सच्छिद्र असतो. तो लोखंडाला झाकत नाही, उलट ओल धरून ठेवतो.

भोकातून पेट्रोल बाहेर येतं, तसं चाकाने उडवलेलं पाणी आतही जातं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. थोडं पाणी ते सामावून घेतं. प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं, म्हणजे गाडीतला पंप जिथून इंधन ओढतो तिथेच.

रस्त्यात अडलं तर भोकावर कपड्याचा साबण घासतात. जुनी युक्ती, आणि खरी. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पण पाण्यात विरघळतो, म्हणून तो पुढच्या पावसापर्यंतच. सायकलच्या ट्यूबची पट्टी मात्र बांधू नये. ते रबर पेट्रोल शोषून फुगतं आणि पिचपिचीत होतं. पाईप टाकीला जिथे जोडतो तिथे पेट्रोलसाठीच बनवलेली रबरी नळी, म्हणजे होज, हवा. गंजावर थापलेली एपॉक्सी पुट्टीही टिकत नाही. ती पापुद्र्याला चिकटते, आणि पापुद्रा कशालाच चिकटलेला नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडीवरच वेल्डिंग मारून घ्यायचा मोह कधीही होऊ देऊ नका. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांनाही पेट घेण्याइतकी तयार होते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने जमिनीलगत पसरते, गॅरेजच्या खड्ड्यात साचते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली की एक ठिणगी पुरते. म्हणून "टाकी रिकामी केलीय" हे वाक्य मला फार भीतीदायक वाटतं. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की जळायला हवा पुरत नाही. रिकामीत ती नेमकी स्फोटाच्या प्रमाणात मिसळू शकते.

चाचांनी बॅटरीची वायर काढली, क्लिपा सोडवल्या, पाईप बाहेर घेतला. उजेडाकडे धरून पाहिला तर चाळणी झालेली. जोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नवा पाईप आणला. बसवण्याआधी त्यावर रेड ऑक्साईडचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या अस्तराचे, दोन हात, वर काळा रंग. झाकणाजवळच्या नळीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची बारीक वायर तुटलेली होती, तीही त्यांनी घासून पुन्हा जोडली. पेट्रोल भरताना तयार होणारी स्थिर वीज तिच्यातून बॉडीत उतरते. ती नसेल तर मधल्या रबरी होजमुळे नळीवर भार साचून ठिणगी पडू शकते.

टाकी पुन्हा फुल केली, त्याच वळणावरून दोनदा फिरवून आणली. चाचांनी जोडाभोवती पांढरं फडकं फिरवून नाकाला लावलं आणि माझ्या हातात दिलं. कोरडं होतं, वासही नव्हता.

आता शेतातून आल्यावर चिखल ओला आहे तोवरच मी कमानीत नळीने पाणी मारतो.