घटकांच्या यादीतली साखर

पाकिटामागच्या बारीक अक्षरांत आपण 'साखर' एवढाच शब्द शोधतो आणि तो दिसला नाही की निर्धास्त होतो. फसगत होते ती इथेच. डेक्स्ट्रोज, माल्टोज, ग्लुकोज सिरप, कॉर्न सिरप, इन्व्हर्ट सिरप, मोलॅसिस, फळांच्या रसाचा अर्क ही सगळी साखरेचीच रूपं आहेत.

रसायनशास्त्रात हे कुटुंब त्या मानाने लहान आहे. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि गॅलॅक्टोज या साध्या शर्करा. तिन्हींत कार्बनचे 6, हायड्रोजनचे 12 आणि ऑक्सिजनचे 6 अणू. वेगळी असते ती फक्त मांडणी. पण तेवढ्यानेही चव पालटते. फ्रुक्टोज नेहमीच्या साखरेपेक्षा गोड लागतं, ग्लुकोज कमी गोड. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. दुधातलं लॅक्टोज ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची.

सुक्रोजची जोडी आम्लाने किंवा विकराने (एन्झाइमने) तोडली की इन्व्हर्ट सिरप तयार होतं. ते सहजी स्फटिक धरत नाही आणि ओलावा टिकवतं, म्हणून केक मऊ राहतो. मधमाशी मकरंदावर हीच प्रक्रिया करते, त्यामुळे मधातही मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असतं. आपल्या लहान आतड्यातही सुक्रोज असंच तुटतं. पुढे ग्लुकोज रक्तातून शरीरभर पोचतं, फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृत उचलतं. तेव्हा मध किंवा ब्राउन शुगर 'नैसर्गिक' म्हणून सढळ हाताने वापरण्यात काहीच अर्थ नाही, असं मला ठामपणे वाटतं.

माल्टोडेक्स्ट्रिनचं प्रकरण जरा निराळं. ते स्टार्चपासून बनतं, फारसं गोड लागत नाही आणि बहुतेकदा लेबलवरच्या साखरेच्या आकड्यात धरलं जात नाही. पचताना मात्र त्याचं झपाट्याने ग्लुकोज होतं. मधुमेह असलेल्यांनी हे नाव लक्षात ठेवावंच.

बहुतेक देशांत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. समजा, 100 ग्रॅमच्या एका बारमध्ये ओट्स 30 ग्रॅम, साखर 14, ग्लुकोज सिरप 12 आणि मध 8 ग्रॅम आहे. यादीत ओट्स पहिले येतात. पण गोड घटकांची बेरीज 34 ग्रॅम होते, ओट्सपेक्षा जास्त! वेगवेगळ्या नावांत विभागल्यामुळे ती बेरीज यादीत कुठेच दिसत नाही. म्हणून पोषणमूल्यांच्या तक्त्यातला एकूण साखरेचा आकडा आधी पाहावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार 'मुक्त शर्करा', म्हणजे मुख्यतः पदार्थात वरून घातलेली साखर, रोजच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी. 2000 कॅलरींच्या आहारात हे 50 ग्रॅम होतात; 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे 25 ग्रॅमपर्यंत राहिल्यास आणखी चांगलं. मध, सिरप आणि फळांचा रसही या मोजणीत येतो. अख्ख्या फळातली साखर आणि दुधातलं लॅक्टोज येत नाही. फळ चावून खाताना साखरेबरोबर तंतूही पोटात जातात आणि पोट लवकर भरतं. रसाचं तसं नाही. अनेक फळांची साखर एका पेल्यात उतरते आणि काही घोटांत संपते.