एक्सटीसीचे चाहते

एक्सटीसी या इंग्लिश पॉप बँडचे जगभर विखुरलेले श्रोते, आणि पत्रे, घरगुती नियतकालिके, कॅसेट व पुढे इंटरनेट यांच्या आधाराने त्यांनी चार दशकांहून अधिक काळ चालू ठेवलेली बातम्या-मतांची देवाणघेवाण. ज्या बँडचा श्रोतृवर्ग लहान पण कमालीचा जिवाभावाचा असतो, त्याला ‘कल्ट बँड’ म्हणतात. मराठीतला ‘संप्रदाय’ हा शब्द त्याच्या जवळ जातो, पण संप्रदायात गुरूचा शब्द अखेरचा मानतात. या मंडळींनी तसे कधी मानले नाही. ज्या गायकाची चिठ्ठी-चपाटी जपून ठेवायची, त्याच्याच नव्या गाण्याची चिरफाड करायची, ही इथली रीत आहे.

स्विंडन हे विल्टशर परगण्यातले रेल्वेचे गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे कारखाने तिथे १८४३ मध्ये सुरू झाले आणि १९८६ मध्ये बंद पडले. परळच्या किंवा भुसावळच्या माणसाला त्या गावाची घडण सांगावी लागणार नाही. अँडी पार्ट्रिज आणि कॉलिन मोल्डिंग हे बँडचे दोन गीतकार-गायक तिथलेच. ड्रमर टेरी चेंबर्स, सुरुवातीचा कीबोर्डवादक बॅरी अँड्र्यूज आणि १९७९ मध्ये त्याच्या जागी आलेला गिटारवादक डेव्ह ग्रेगरी हे बाकीचे प्रमुख सदस्य. पहिला अल्बम १९७८ चा. मोल्डिंगचे ‘मेकिंग प्लॅन्स फॉर नायजेल’ १९७९ मध्ये ब्रिटनच्या क्रमवारीत १७ व्या स्थानावर गेले, तर पार्ट्रिजचे ‘सेन्सेस वर्किंग ओव्हरटाइम’ १९८२ मध्ये १० व्या स्थानावर. त्याहून वर त्यांचे एकही गाणे कधी पोहोचले नाही. पोलीस हा त्यांचा समकालीन बँड १९८० मध्ये मुंबईत वाजवून गेला. त्याच वर्षी अमेरिकेत एक्सटीसी पोलीसच्या आधी रंगमंचावर येत असे. दोघांच्या वाटा तिथपर्यंत शेजारून जात होत्या.

त्या वेगळ्या झाल्या १९८२ मध्ये. १८ मार्चला पॅरिसमधला कार्यक्रम सुरू होताच पार्ट्रिज वाद्य सोडून आत निघून गेला. ३ एप्रिलला सॅन डिएगोत बँडने पूर्ण कार्यक्रम केला. दुसऱ्या दिवशी लॉस एंजेलिसमधला कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला आणि पाठोपाठ सगळा दौराच. रंगमंचावर उभे राहण्याची भीती पार्ट्रिजला आतून पोखरत होती. किशोरवयापासून चालू असलेल्या व्हॅलियम या शामक औषधाच्या गोळ्या अचानक बंद झाल्याशीही तिचा संबंध जोडला गेला आहे. एक्सटीसी त्यानंतर कधीही दौऱ्यावर गेला नाही. अल्बम मात्र येत राहिले, आणि त्यांतले काही आधीच्यांपेक्षा सरस.

या चाहत्यांचा स्वभाव घडला तो या घटनेने. एरवी चाहते एकमेकांना भेटतात ते तिकिटाच्या रांगेत, सभागृहाबाहेर, कार्यक्रम संपल्यावर शेवटच्या गाडीत. एक्सटीसीच्या श्रोत्याला यातले काही उरले नाही. शेजारच्या गल्लीत आणखी कोणी हे ऐकते का, हे कळायलाही मार्ग नव्हता. दुसऱ्या बँडांच्या बाबतीत गप्पा म्हणजे मैफलीनंतरची पंगत. इथे मैफलच नव्हती, तेव्हा गप्पांनाच मैफलीची जागा घ्यावी लागली.

पहिला आधार फॅनझीनचा, म्हणजे चाहत्यांनी स्वतः लिहून, टंकून, झेरॉक्स काढून पोस्टाने धाडलेल्या अंकांचा. मराठी वाचकाला साठच्या दशकातली अनियतकालिके आठवावीत, तसे हे काम. ब्रिटनमध्ये ‘लाइमलाइट’ आणि कॅनडात ‘द लिटल एक्सप्रेस’ ही त्यांतली माहितीची नावे. नवे ध्वनिमुद्रण कुठवर आले, कोणत्या देशातल्या तबकडीवर जादा गाणे आहे, मुलाखत कुठे छापून आली, अशी बित्तंबातमी त्यांत असे. मोठ्या संगीत साप्ताहिकांनी या बँडकडे पाठ फिरवली तेव्हा हेच कागद त्याचे वर्तमानपत्र झाले.

दुसरा आधार कॅसेटचा. रेडिओवरचे वादन, १९८२ पूर्वीचे कार्यक्रम, आणि विशेष म्हणजे पार्ट्रिजने घरी चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे मुद्रित करणाऱ्या यंत्रावर केलेले कच्चे मसुदे, हे सारे एकमेकांना ‘भरून’ दिले जाई. एकावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी कॅसेट भरली की प्रत्येक वेळी फीत थोडी अधिक फुसफुसते आणि झांजेचा आवाज मळकट होत जातो. पाचव्या-सहाव्या हाताच्या प्रतीत शब्द ओळखू येण्याची मारामार. तरी ती मागवली जाई, कारण गाणे पक्के होण्याआधी कसे होते ते तिच्यात सापडे. आपल्याकडे जुन्या मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणे जपणाऱ्या रसिकांना ही भूक नेमकी ठाऊक आहे.

१९८५ मध्ये बँडने चाहत्यांच्या कानांची परीक्षाच घेतली. १ एप्रिलला ‘द ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फिअर’ या नावाने एक छोटा अल्बम आला. त्याची धाटणी साठच्या दशकातल्या सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या स्वप्नाचा भास देणाऱ्या संगीताची, वेष्टनावर सर जॉन जॉन्स, द रेड कर्टन, लॉर्ड कॉर्नेलियस प्लम अशी नावे. एक्सटीसीचा उल्लेख कुठेही नाही. पण पार्ट्रिजचा आवाज आणि मोल्डिंगची बास गिटार ज्यांच्या कानात मुरली होती त्यांच्यापासून हे किती काळ लपणार! कर्णोपकर्णी बातमी पसरली. अगदी थोड्या खर्चात झालेला हा अल्बम ब्रिटनमध्ये त्यांच्या आदल्या वर्षीच्या ‘द बिग एक्सप्रेस’पेक्षा जास्त खपला. या ‘द बिग एक्सप्रेस’चे वेष्टन रेल्वे इंजिनाच्या चाकासारखे गोल होते, स्विंडनच्या कारखान्यांची आठवण म्हणून.

१९८९ मध्ये ‘ऑरेंजेस अँड लेमन्स’ हा अल्बम आला. त्यातले शेवटचे गाणे ‘चॉकहिल्स अँड चिल्ड्रन’. कीर्तीच्या हवेत तरंगणाऱ्या माणसाला गावच्या खडूच्या टेकड्या आणि घरची पोरे जमिनीशी बांधून ठेवतात, असा त्याचा आशय. त्याच वर्षी चाहत्यांनी ई-मेलवर पत्रव्यवहार सुरू केला आणि या गाण्यावरून त्याचे नाव ठेवले ‘चॉकहिल्स’. सामान्य माणसाच्या घरी तेव्हा इंटरनेट नव्हते. विद्यापीठांत आणि संगणक कंपन्यांत काम करणारेच ई-मेल वापरत, आणि पहिली पत्रे अशाच लोकांची असत. जमलेली पत्रे एकत्र बांधून एक गठ्ठा सर्वांना जाई. तो उघडला की एकाच्या खाली एक पत्र. वरच्याने मांडलेले मत खालच्याने खोडून काढलेले, त्याच्याखाली कोणीतरी गिटारवर अमुक ठिकाणी कोणती पट्टी धरायची ते विचारलेले. त्या प्रश्नांच्या उत्तरांतून गाण्यांचे शब्द, कॉर्ड, देशोदेशीच्या तबकड्यांची सूची असा संग्रह साचत गेला. बँडच्या कंपनीकडेही इतकी टापटीप नोंद नसावी. चाहत्यांनी एक्सटीसीची गाणी स्वतः वाजवून, ध्वनिमुद्रित करून त्यांच्या एकत्र कॅसेटही काढल्या. त्यांचे नाव ‘चॉकहिल्स चिल्ड्रन’.

या पत्रव्यवहाराची खरी कसोटी १९९२ नंतर लागली. ‘नॉनसच’ अल्बमनंतर बँडचे आपल्या कंपनीशी, व्हर्जिनशी, बिनसले. करारातून मोकळे होण्यासाठी बँडने चक्क संप पुकारला, म्हणजे नवीन काही ध्वनिमुद्रित करायचेच नाही. पुढचा अल्बम ‘ॲपल व्हीनस व्हॉल्यूम वन’ यायला १९९९ उजाडले. तब्बल ७ वर्षे नवा अल्बम नाही, कार्यक्रम तर आधीपासूनच नाहीत. अशा उपासमारीत मोठमोठे चाहतेवर्ग पांगतात. हा पांगला नाही, आणि याचे श्रेय निःसंशय त्या गठ्ठ्यांना द्यायला हवे. लोक जुन्या गाण्यांकडे वळले, एकेक ओळ घेऊन बसले. नेमक्या याच वर्षांत इंटरनेट घराघरांत शिरत होते. ज्याने शाळेत असताना एक कॅसेट ऐकली आणि नंतर पंधरा वर्षे या बँडविषयी कोणाशी चकार शब्द बोलला नाही, अशा माणसाला अचानक एकाच जागी शेकडो सोबती सापडत होते. अल्बम आला तेव्हा त्याचे स्वागत करायला मंडळी तयार बसलेली होती.

कॅसेटवरून फिरणाऱ्या त्या मसुद्यांचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. ते चोरून विकणारेही निघाले होते. पार्ट्रिजने यावर शहाणा उपाय काढला. २००२ ते २००६ या काळात त्याने आपल्या घरगुती मसुद्यांची ‘फझी वॉर्बल्स’ ही ८ खंडांची मालिका स्वतःच्या एप हाउस या कंपनीतून काढली. पंचविसाव्या हाताची खरखरीत प्रत बाळगणाऱ्यांना मूळ फितीवरचा स्वच्छ आवाज मिळाला आणि पैसा कलावंताच्या घरी गेला. चाहत्यांनी या गाण्यांना मोल आहे हे वर्षानुवर्षे दाखवून दिले नसते, तर ती घरच्या खोक्यांतच राहिली असती, असे मानायला जागा आहे.

मतभेदांचा सर्वांत मोठा विषय म्हणजे १९८६ चा ‘स्कायलार्किंग’. अमेरिकी निर्माता टॉड रंडग्रेन याने तो केला. करताना त्याचे आणि पार्ट्रिजचे पराकोटीचे खटके उडाले. कित्येकांच्या मते हाच बँडचा सर्वोत्तम अल्बम. तरीही त्याचा आवाज पातळ आहे, बासला अंग नाही, अशी तक्रार होती, आणि ती खुद्द पार्ट्रिजचीही होती. २०१० मध्ये जॉन डेंट हा ध्वनितंत्रज्ञ नवी आवृत्ती तयार करत असताना त्याच्या लक्षात आले की मूळ फितीवर ध्रुवताच उलटी आहे. ध्वनीची लाट कागदावर काढली तर ती मधल्या रेषेच्या वर आणि खाली जाते. ध्रुवता उलटली की वरचे खाली होते. ड्रमवर काठी पडल्याबरोबर स्पीकरचा पडदा पुढे येऊन हवा ढकलायचा, त्याऐवजी तो आधी मागे जातो. कुठेतरी एक तार उलटी जोडली गेली असावी, असा निष्कर्ष निघाला. २४ वर्षे जगाने हा अल्बम असाच ऐकला होता. दुरुस्त आवृत्ती २०१० मध्ये तबकडीवर आली आणि पूर्वी नाकारलेले मुखपृष्ठही तिला परत मिळाले.

मग वाद पेटला. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची ध्रुवता एकाच वेळी उलटली तर माणसाच्या कानाला फरक कळतो का, हा ध्वनिशास्त्रातलाही वादाचा प्रश्न आहे. काहींना नवा अल्बम भरदार लागला, काहींना तो फरक नव्याने केलेल्या मास्टरिंगचा, म्हणजे तबकडीआधीच्या अखेरच्या ध्वनिसंस्काराचा वाटला. जुनी सीडी संगणकात घालून लाट स्वतः उलटवायची आणि दोन्ही आळीपाळीने ऐकायच्या, हा उद्योग घरी बसून करण्याजोगा असल्याने प्रत्येक जण परीक्षक होऊ शकत होता. पॉप गाण्यांच्या श्रोत्यांनी एका तारेवरून इतके बारकाईने ऐकावे, हे या मंडळींच्या प्रेमाचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणता येईल.

दुसरा जुना वाद पार्ट्रिज की मोल्डिंग हा. पार्ट्रिजने गाणी कितीतरी जास्त लिहिली, पण सुरुवातीची गाजलेली गाणी मोल्डिंगची. मोल्डिंगच्या बाजूने बोलणारे संख्येने कमी आणि आवाजाने शांत, त्याच्या गाण्यांसारखेच. १९८२ पूर्वीचा धारदार, घाईतला एक्सटीसी खरा की नंतरचा, स्टुडिओत सावकाश नक्षीकाम करणारा, यावरही तट आहेत.

चाहत्यांच्या प्रश्नांतून एक मोलाचा ऐवजही तयार झाला. अमेरिकेतल्या एका चाहत्या लेखकाने पार्ट्रिजशी एकेका गाण्यावर सविस्तर बोलून त्या मुलाखती आधी मायस्पेस या संकेतस्थळावर दिल्या, आणि २०१६ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. त्या मुलाखतींतले प्रश्न ‘ही कल्पना कुठून सुचली’ एवढ्यावर थांबत नाहीत. अमुक जागी बास खाली का उतरते, तमुक शब्दाआधी विराम का, असे ते आहेत. ज्याने गाणे शेकडो वेळा ऐकले आहे त्यालाच असे प्रश्न सुचतात.

२००० च्या ‘वॉस्प स्टार’नंतर एक्सटीसीचा नवा अल्बम आला नाही, आणि त्या दशकाच्या मध्यात बँड संपला. २०१३ पासून स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने जुन्या अल्बमांची नव्याने ध्वनिमिश्रणे केली, तेव्हा बोलायला पुन्हा विषय मिळाला. २०१८ च्या शरदात मात्र जे कोणी धरून चालले नव्हते ते घडले. मोल्डिंग आणि चेंबर्स यांनी ‘टीसी अँड आय’ या नावाने स्विंडनच्या आर्ट्स सेंटरमध्ये ६ कार्यक्रम केले. सभागृह छोटे, तिकिटे झटपट संपलेली. ३६ वर्षांनंतर हे दोघे श्रोत्यांसमोर एकत्र उभे होते आणि देशोदेशींहून लोक त्या रेल्वेच्या गावात उतरले होते. वर्षानुवर्षे ज्यांची फक्त अक्षरे ओळखीची होती, ती माणसे तिथे शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती.