व्हेंटिलेटर काढणं आणि जीव घेणारी सुई: 'इच्छामरण' या एका शब्दातल्या दोन गोष्टी

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतली एक बाई माझ्या पडवीत येऊन बसली. नवरा जाऊन दोन महिने झाले होते. समोर ठेवलेला चहा तसाच निवला. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "बाय गो, आमी तेंका मारलंव काय?"

मी ३५ वर्षं नर्स होते, म्हणून असे प्रश्न माझ्याकडे येतात. तिच्या नवऱ्याच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. ११ दिवस तो व्हेंटिलेटरवर होता, त्यात मूत्रपिंडंही बंद पडली. यातून उठणं नाही हे डॉक्टरांच्या दोन मंडळांनी लिहून दिलं, आणि तिच्या व मुलांच्या संमतीनं व्हेंटिलेटर काढला. पाऊण तासात तो गेला. तेव्हापासून ती रविवारी मिस्साला येते, शेवटच्या बाकावर बसते आणि आपल्या हातून पाप झालं असं समजून ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठत नाही.

त्याच सुमारास माझ्या भाच्यानं उलट टोकाचं काही विचारलं. "मावशी, आपल्याकडे इच्छामरण कायदेशीर झालंच आहे ना? मग मशीन काढून वाट बघत बसण्यापेक्षा सरळ इंजेक्शन दिलेलं काय वाईट?"

तिला वाटतं आपल्या हातून खून झाला. त्याला वाटतं दोन्हींत फरकच नाही, तर सोपं असेल ते करावं. घोळ एकच आहे, आणि तो शब्दापासून सुरू होतो.

इच्छामरण हा शब्द आपण महाभारतातून उचलला. भीष्मांना तसा वर होता. पण शरपंजरी पडल्यावर त्यांनी तो वर लवकर सुटण्यासाठी वापरला नाही. उत्तरायण लागेपर्यंत मरणाला थांबवून धरण्यासाठी वापरला, आणि त्या दिवसांत युधिष्ठिराला राजधर्म सांगितला. मी ख्रिस्ती आहे, तरी शाळेत ऐकलेली ही गोष्ट मला फार आवडते. सुईच्या बाजूनं बोलताना लोक भीष्मांचा दाखला देतात, तेव्हा वाईट वाटतं.

आता त्या दोन गोष्टी. पहिलीत माणूस आजारानं मरतो आहे, उपचारानं आजार हटत नाही, नुसतं मरण लांबतं आणि हाल वाढतात. म्हणून ते उपचार थांबवतात, किंवा सुरूच करत नाहीत. मरण येतं ते आजारामुळे. दुसरीत जीव जाईल इतकं औषध डॉक्टर टोचतो, किंवा रुग्णाच्या हातात प्यायला देतो. मरण येतं ते औषधामुळे, आणि तेच हवं असतं. कायद्याच्या भाषेत पहिलीला निष्क्रिय आणि टोचून मारण्याला सक्रिय इच्छामरण म्हणतात; प्यायला देण्याला साहाय्यित आत्महत्या. मला ही नावं पटत नाहीत. आडनाव एकच दिलं की दोघं सख्खे भाऊ वाटू लागतात.

फरक ओळखायला मी एकच प्रश्न विचारते: एवढं करूनही माणूस जगला, तर?

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये कॅरेन अ‍ॅन क्विनलन ही तरुणी १९७५ मध्ये बेशुद्ध पडली आणि पुन्हा शुद्धीवर आली नाही. आईवडील कॅथलिक. आपल्या धर्मगुरूंशी बोलून त्यांनी व्हेंटिलेटर काढण्याची मागणी केली, आणि १९७६ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती मान्य केली. व्हेंटिलेटर निघाला, आणि कॅरेन स्वतःच्या श्वासावर जगत राहिली, थेट १९८५ पर्यंत. तिला नळीनं अन्न मिळत राहिलं, शुश्रूषा चालू राहिली. आता व्हेंटिलेटर काढूनही गेली नाही, तर दुसरा काही मार्ग काढा, असं आईवडील म्हणाले नाहीत. तिला मारणं हा हेतूच नव्हता, म्हणून तिच्या जगण्यानं त्यांचं काही फसलं नाही. सुईचं तसं नसतं. सुईनंतर माणूस जगला, तर डोस कमी पडला असं म्हणतात आणि पुन्हा भरतात.

आपल्या देशात पहिल्या गोष्टीला वाट आहे, दुसरीला नाही. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात सांगितलं. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निरर्थक उपचार थांबवायला आणि त्यासाठी आधीच वैद्यकीय इच्छापत्र लिहून ठेवायला मान्यता दिली. ते नियम फार किचकट होते, म्हणून २४ जानेवारी २०२३ ला सुटसुटीत केले. आता रुग्णालयाचं एक मंडळ तपासतं, मग दुसरं मंडळ, घरच्यांची संमती लागते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जीव घेणारं इंजेक्शन कालही गुन्हा होता, आजही आहे. भाच्याला मी आधी हेच सांगितलं.

अरुणा शानबाग यांच्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण त्यांचं नाव या चर्चेत नेहमी येतं आणि नेहमी चुकीच्या बाजूला मांडलं जातं. कोकणपट्टी दक्षिणेला कारवारकडे उतरत जाते, तिकडच्या हळदीपूरची ही मुलगी मुंबईच्या केईएम रुग्णालयात नर्स होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिच्यावर तिथंच हल्ला झाला आणि ती अंथरुणाला खिळली. तिचं खाणंपिणं थांबवावं, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ती ७ मार्च २०११ ला फेटाळली गेली. केईएमच्या नर्सेसनी याचिकेला विरोध केला होता. अरुणा व्हेंटिलेटरवर नव्हती. काढायला तिथे यंत्रच नव्हतं. थांबवायचा होता तो घास. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं ती गेली. ४१ वर्षांहून अधिक काळ ती पडून होती, आणि तिच्या अंगाला शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्यानं होणारी जखम, होऊ दिलं नव्हतं. ज्यानं रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली आहे त्यालाच त्या एका वाक्याचं वजन कळेल. त्या नर्सेसच्या पिढ्या बदलल्या, काम बदललं नाही.

चर्चची शिकवण या बाबतीत न्यायालयांच्या बरीच आधीची आहे. असाधारण उपाय चालू ठेवण्याचं बंधन नाही, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच डॉक्टरांना सांगितलं होतं. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात २२७७ आणि २२७८ हे दोन परिच्छेद लागोपाठ येतात. पहिला सांगतो की दुःख संपवण्यासाठी मरण घडवणं म्हणजे हत्या, हेतू कितीही दयेचा असो. दुसरा सांगतो की फायद्याच्या मानानं फारच जड झालेले उपचार थांबवता येतात. त्यात मरण घडवायची इच्छा नसते, ते आपल्याला अडवता येत नाही एवढं मान्य केलेलं असतं. पोप दुसरे जॉन पॉल शेवटी पुन्हा रुग्णालयात गेले नाहीत. २ एप्रिल २००५ ला आपल्या खोलीतच त्यांनी प्राण सोडला. शेजारणीला मी हे सगळं दोनदा सांगितलं. पोपांना चालतं तर आपल्याला का नाही, हे तिला पटलंसं वाटलं.

एक गाठ मात्र आहे, ती लपवणार नाही. अन्नपाणी हा उपचार की शुश्रूषा? न्यायालयं नळीनं दिलेल्या अन्नाला बहुतेक वेळा उपचार मानतात. चर्च म्हणतं, ती मूलभूत शुश्रूषा आहे. शरीर ते अन्न घेतंय तोवर द्यायचं, घेईनासं झालं की जबरदस्ती नाही. मी चर्चच्या बाजूनं आहे. शेवटच्या दिवसांत माणूस आपणहून घास नको म्हणतो, पोट फुगतं, दिलेलं पाणी छातीत साठतं; तेव्हा नुसते ओठ ओले करणं हीच सेवा असते. पण पचवू शकणाऱ्याचं अन्न तोडणं म्हणजे त्याला उपाशी मारणं.

मॉर्फिनबद्दलही लोक घाबरतात. नीट मापून दिलेलं मॉर्फिन मारत नाही, दुखणं उतरवतं आणि झोप देतं. त्यानं आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली, तरी दुखणं शमवण्यासाठी ते देणं चर्चला मान्य आहे. अडचण धर्माची कमी आणि कागदाची जास्त होती. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं ते मिळणं इतकं अवघड केलं की कितीतरी डॉक्टरांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला. आमच्या गावांत ते अजून सहज पोचत नाही.

आता सुईचा कायदा का नको, हे. माझे हिंदू आणि मुसलमान शेजारी माझा धर्मशिक्षणग्रंथ का मानतील? म्हणून त्यांच्यासाठी व्यवहाराचंच बोलते.

आमच्याकडे निम्मी घरं बंद. पोरं मुंबईत, गणपतीला नाहीतर नाताळाला येतात. घरात एक म्हातारं माणूस, सातबाऱ्यावर चुलत्यापुतण्यांची सतरा नावं, आणि आंब्याच्या चार कलमांवरून वीस वर्षांचा अबोला. मोठं आजारपण आलं की ओरोसचं जिल्हा रुग्णालय, तिथून गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय. गाडीभाडं, खोली, रजा, सगळं मोजून होतं. अशा घरात त्या म्हाताऱ्या माणसापुढे एक अर्ज ठेवा आणि विचारा, "तुमची स्वतःची इच्छा आहे ना?" तो काय म्हणेल? तो पोराच्या तोंडाकडे बघेल. त्याला कुणी धमकावणार नाही, पोरंही वाईट नसतील. पण सुई हा कायदेशीर पर्याय झाला, की जगत राहणं हाही एक निर्णय होतो आणि त्या निर्णयाची सफाई द्यावी लागते. अजून का आहात, हा प्रश्न कुणी न विचारताच हवेत राहतो. आज तो प्रश्न विचारायची सोय नाही, हेच म्हाताऱ्या माणसाचं संरक्षण आहे.

अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात औषध प्यायला देण्याचा कायदा १९९७ पासून आहे. तिथे मरणाचं औषध मागणाऱ्यांची कारणं नोंदवतात. असह्य वेदना त्या यादीत बरीच खाली असते. परावलंबी होणं आणि घरच्यांवर ओझं होणं तिच्या वर.

कुंपणही जागेवर राहत नाही. कॅनडानं २०१६ मध्ये कायदा केला, तेव्हा नैसर्गिक मरण दृष्टिपथात असलेल्यांनाच तो लागू होता. २०२१ मध्ये ती अट गेली. आता केवळ मानसिक आजार असलेल्यांसाठीही दार उघडायचं ठरलं आहे, फक्त ते मार्च २०२७ पर्यंत पुढे ढकललंय. २०२३ मध्ये तिथे १५,३४३ माणसं अशा पद्धतीनं गेली, एकूण मृत्यूंच्या ४.७ टक्के, म्हणजे दर एकवीस मृत्यूंमागे एक. बेल्जियमनं २००२ चा कायदा २०१४ मध्ये मुलांनाही लागू केला. तिथली रुग्णालयं, तिथली देखरेख आपल्यापेक्षा किती पुढे, तरी हे झालं. जिथे मॉर्फिन पोचत नाही तिथे ती सुई आधी पोचली, तर गरिबाला 'निवड' कसली उरणार?

भाचा म्हणाला, "आणि खरंच असह्य झालेला माणूस? ज्याला सगळं कळतंय आणि काहीच हलवता येत नाही?" या प्रश्नाला माझ्याकडे झटपट उत्तर नाही, आणि असं आजारपण मी जवळून पाहिलं आहे. त्या माणसाला यंत्र नाकारायचा हक्क आहे, आणि गरज पडली तर शेवटी औषधानं गाढ झोपवून ठेवण्याचा उपायही आहे. एवढ्यानं प्रत्येक रात्र सोपी होत नाही, हे खरं. तरी त्या एका माणसासाठी उघडलेलं दार शंभर गप्प बसणाऱ्या माणसांसाठीही उघडं राहतं, आणि त्या शंभरांची मला जास्त भीती वाटते.

आमच्या शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, याच्या जवळची एक गोष्ट आहे. एलिया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे झालं, देवा, माझा जीव घे. देव त्याला रागावत नाही, आणि त्याचं म्हणणं ऐकून जीवही घेत नाही. दूत येतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो, ऊठ, खा म्हणतो. एलिया खातो, परत झोपतो. दूत पुन्हा येतो आणि पुन्हा खायला घालतो.

रात्रपाळीत "देवा, माका ने आता" मी किती वेळा ऐकलं असेल. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असायचा, दुखतंय, किंवा भिजलोय, किंवा कुणी नाही. कापड बदललं, दुखण्याचं औषध दिलं, हात धरून बसलं, की सकाळी तेच माणूस उकड्या तांदळाची पेज मागायचं, बरोबर लोणचं. पॅलिएटिव्ह केअर म्हणतात ती हीच. वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची सेवा करणारं घर. गोव्यात लोटलीलाही त्यांचं घर आहे. केरळात तर गावोगावचे स्वयंसेवक हे काम करतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या प्रत्येक तालुक्यात असं काही असावं, त्यासाठी भांडायला मी तयार आहे.

पहिल्या गोष्टीची वाट कायद्यानं दिली आहे, तर ती वापरावी म्हणून यंदा मी माझं वैद्यकीय इच्छापत्र केलं. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपलं नोंदवलं, ते वाचून धीर आला होता. काम फार अवघड नाही: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे, एक ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत. त्यात लिहिलंय: बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको. शरीर घेतंय तोवर अन्नपाणी बंद करू नका. दुखलं तर मॉर्फिन द्या. फादरांना वेळेत बोलवा. आणि मला मारण्यासाठी म्हणून काहीही देऊ नका, मी मागितलं तरी.

दुसरी साक्षीदार म्हणून शेजारीण आली. तिनं सगळं वाचून घेतलं, शेवटच्या ओळीपाशी थांबली, आणि मग सही केली.