अपील म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुनावणी नव्हे

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींत एक समज पक्का बसलाय: एम्प्लॉयमेंट ट्रायब्यूनलमध्ये (नोकरीविषयक वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात) वंशभेदाची तक्रार फेटाळली गेली, तर अपिलात सगळं नव्याने मांडता येतं. तसं नाही. एम्प्लॉयमेंट अपील ट्रायब्यूनल फक्त कायद्याची चूक तपासतं. मॅनेजर खोटं बोलला की तुम्ही, हे खालच्या ट्रायब्यूनलने ठरवलं की सहसा ठरलंच. नवा पुरावाही क्वचितच घेतात.

मग कायद्याची चूक कशी असते? समजा, तुम्ही वंशभेदाची तक्रार केली आणि त्याचा राग धरून बढती अडवली. हे इक्वॅलिटी ॲक्ट २०१० च्या कलम २७ खालचं ‘व्हिक्टिमायझेशन’. मूळ तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरूनच ट्रायब्यूनलने हाही दावा उडवला, तर ती चूक. तक्रार जाणूनबुजून खोटी, वाईट हेतूची नसली की संरक्षण मिळतं. माझ्या मते अपिलाचा खरा जीव अशाच मुद्द्यांत असतो, ‘निकाल अन्यायकारक’ या वाक्यात नाही.

अपिलाची मुदत ४२ दिवस, शेवटच्या दिवशी दुपारी ४ पर्यंत. निकालाची लेखी कारणं तोंडी निकालाच्या वेळीच, किंवा लेखी निकाल पाठवल्यापासून १४ दिवसांत मागा. फेरविचाराचा अर्ज केला म्हणून ही घड्याळं थांबत नाहीत.