देवमाशाचा श्वास आणि आपली सुट्टी

उन्हाळा लागला की नागपुरात सहलींच्या जाहिरातींचं पेव फुटतं. त्यातल्या एकीत 'देवमासा दिसणारच, शंभर टक्के हमी' असं वाचलं. अशी हमी देणाऱ्याकडे पैसे भरू नका. खुल्या समुद्रातला हा प्राणी आपल्या सोयीने वर येत नाही, तो श्वास घ्यायला येतो.

जायचं कुठे, हे सोपं आहे. नागपूरहून चेन्नईमार्गे कोलंबो गाठायचं. डिसेंबर ते एप्रिल असेल तर श्रीलंकेच्या दक्षिण टोकाचं मिरिस्सा. मे-जूनमध्ये नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी तिकडचा समुद्र खवळतो, तेव्हा पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, ते इथे पथ्यावर पडतं. दोन्हीकडे किनाऱ्याजवळच समुद्र एकदम खोल होतो, म्हणून निळा देवमासाही फार दूर न जाता दिसू शकतो.

लांबून आधी दिसतो तो फवारा. तो पाण्याचा नसतो. देवमासा सस्तन प्राणी आहे, त्याला फुप्फुसं आहेत. उबदार, दमट उच्छ्वास जोराने बाहेर पडतो आणि त्यातल्या वाफेचे थेंब होतात. आपण एका श्वासात फुप्फुसातली जेमतेम दहा-पंधरा टक्के हवा बदलतो, तो ऐंशी-नव्वद टक्के बदलतो. असे काही श्वास घेतले की पाठीची कमान करून तो बुडी मारतो आणि दहा-पंधरा मिनिटं गायब होतो.

खरी गंमत त्या मिनिटांत आहे. खोल पाण्याच्या दाबाने फुप्फुसं आक्रसतात, त्यामुळे हवेचा साठा तिथे करून भागत नाही. प्राणवायू साठतो रक्तात आणि स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनात. खोल बुडी मारणाऱ्या स्पर्म व्हेल या देवमाशाच्या स्नायूंत ते माणसाच्या दहापटीहून जास्त असतं, त्यामुळे मांस काळपट दिसतं. पण इतकं प्रथिन दाटीने कोंबलं तर त्याच्या गुठळ्या व्हायला हव्यात. त्या होत नाहीत, कारण या मायोग्लोबिनच्या पृष्ठभागावर धन विद्युतभार जास्त असतो. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात, रेणू चिकटत नाहीत. हे 2013 साली उलगडलं. शास्त्रज्ञ जॉन केन्ड्र्यू यांनी 1958 साली ज्या प्रथिनाची त्रिमिती रचना सर्वप्रथम उकलली, तेही स्पर्म व्हेलचंच मायोग्लोबिन! त्या कामाला 1962 चं नोबेल मिळालं.

साठा पुरवण्यासाठी हृदयही मंदावतं. 2019 साली निळ्या देवमाशाला यंत्र चिकटवून मोजलं, तेव्हा बुडीत मिनिटाला दोन ठोके इतकं खाली आणि वर आल्यावर तीसच्या पुढे गेलेलं आढळलं.

याच स्पर्म व्हेलच्या आतड्यात अंबरग्रीस हा मेणासारखा पदार्थ तयार होतो. 'देवमाशाची उलटी' म्हणून कामोत्तेजक औषधाच्या नावाने ते करोडोंना विकू पाहणारे अधूनमधून पकडले जातात. त्या गुणाला पुरावा नाही आणि भारतात हा व्यापार बेकायदा आहे.

वर आलेला देवमासा म्हणजे प्राणवायूची उधारी फेडणारा प्राणी. तेवढ्यात बोटींनी घेरलं, तर श्वास अर्धवट सोडून त्याला पुन्हा बुडावं लागतं. म्हणून बोट ठरवताना भाव नंतर विचारा. आधी विचारा, देवमासा दिसल्यावर किती लांब थांबता? किमान शंभर मीटर, आणि त्याच्या वाटेत आडवं न जाता, असं उत्तर आलं तरच आगाऊ पैसे द्या.